देवाची वेळ आणि देवाचा हेतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वासात नवे असलेले आणि वर्षानुवर्षं मंडळीत असलेले, दोघेही हेच प्रश्न विचारतात. जुने लोक फक्त जरा खालच्या आवाजात विचारतात. उत्तरं पवित्र शास्त्राला धरून दिली आहेत. जिथे माझं मत आहे, तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

‘देवाची वेळ’ म्हणजे आधीच ठरलेली एखादी तारीख असते का?

देवाला ती ठाऊक असते, एवढं शास्त्र सांगतं. ती आपल्याला आधी कळेल असं वचन मात्र कुठेही दिलेलं नाही. येशूच्या स्वर्गारोहणाआधी शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं: इस्राएलाचं राज्य आता परत देणार का? काळ आणि समय पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणं तुमच्याकडे नाही, असं त्यांना उत्तर मिळालं (प्रेषितांची कृत्ये १:७). पुढच्याच वाक्यात त्यांना काम सोपवलं: माझे साक्षी व्हा. तारीख मिळाली नाही, काम मिळालं. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच ठिकाणी येणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

प्रत्येक गोष्टीला समय असतो, हे उपदेशकातलं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायातलं अकरावं वचन मात्र बहुधा अर्धंच सांगितलं जातं. देवाने सगळं आपापल्या वेळी सुंदर केलं, हे तिथे आहेच. पण त्याचं काम माणसाला अथपासून इतिपर्यंत उमगत नाही, हेही तिथेच आहे.

मग देवाची इच्छा कळावी म्हणून चिन्ह मागावं का? गिदोनाने मागितलं होतं.

मागितलं होतं, आणि देवाने त्याला सांभाळून घेतलं. पण शास्ते ६:३६ नीट वाचा. ‘तू म्हटल्याप्रमाणे माझ्या हातून इस्राएलाची सुटका करणार असशील तर’, अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे काय करायचं ते त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. कमी पडत होतं ते धैर्य. रात्री खळ्यावर ठेवलेली लोकर दवाने भिजावी, ही त्याने मागितलेली खूण. ती मिळाल्यावर दुसऱ्यांदा लोकर ठेवताना ‘रागावू नकोस’ असंही तो म्हणतो, म्हणजे आपण काय करतोय याची त्यालाही कल्पना होती. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि जिथे बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, किंवा ‘आज पाचच्या आत फोन आला तर ही नोकरी माझीच’ असं ठरवायचं, याला मी तरी प्रार्थना म्हणणार नाही.

वाट पाहायची म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं का?

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो आणि ‘प्रभू बघून घेईल’ म्हणत स्वतः खाटल्यावरच बसतो. शास्त्रातली वाट पाहणारी माणसं अशी बसलेली दिसत नाहीत.

नहेम्याचं उदाहरण घ्या. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात मिळते. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. राजापुढे विषय निघतो तो थेट नीसान महिन्यात, म्हणजे साधारण चार महिन्यांनी. तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. द्राक्षारसाचा प्याला राजाच्या हाती देताना राजा त्याचा उतरलेला चेहरा पाहतो आणि विचारतो, तुला काय हवंय? नहेम्या घाबरतो, मनातल्या मनात देवाची प्रार्थना करतो आणि बोलू लागतो. पुढे काय येतं ते पाहण्यासारखं आहे. किती दिवस लागतील, हे त्याच्याकडे तयार. नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं हवीत, हे तयार. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्याकडून वेशींसाठी लाकूड हवं, हेही तयार. त्या चार महिन्यांत त्याने नुसते गुडघे टेकले नव्हते, यादीही केली होती. पुढे तट ५२ दिवसांत उभा राहिला. बांधकाम चालू असताना वैऱ्यांची धास्ती आली, तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. दोन्ही एकाच वचनात आहे (नहेम्या ४:९).

तेव्हा नोकरीची वाट पाहत असाल तर अर्ज करत राहा, एखादं नवं काम शिका. लग्नाची वाट पाहत असाल तर माणसांत मिसळा. प्रार्थना आणि खटपट यांचं वैर शास्त्रात नाही, ते आपण लावून दिलंय.

मग औषधोपचार थांबवून देवावर सोडणं, किंवा घरातला छळ सोसत देवाच्या वेळेची वाट पाहणं, हा विश्वास आहे का?

नाही. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याच्याबरोबर असणारा लूक हा वैद्य होता. डॉक्टरांनी दिलेलं औषध प्रार्थना करून घ्या, पण घ्या. आणि शौल राजाने त्याच्यावर भाला फेकला तेव्हा दावीद तिथेच थांबून देवाच्या वेळेची वाट पाहत बसला नाही. त्याने भाला चुकवला आणि त्याच रात्री पळ काढला. ज्या घरात मारहाण होते तिथून बाहेर पडणं, मदत मागणं, पोलिसांकडे जाणं यात विश्वासाची कमतरता काडीइतकीही नाही. ‘सोसत राहा, देवाची वेळ येईल’ असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

यिर्मया २९:११ हे वचन माझ्यासाठी आहे की नाही?

‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ या आशयाचं हे वचन भिंतीवर, मोबाइलवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये सगळीकडे दिसतं. ते आधी एका पत्रातलं वाक्य आहे. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलात नेलेल्या बंदिवानांना हे पत्र पाठवलं. घरदार, मंदिर, देश सगळं दुरावलेली माणसं ती. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून त्याने ते मोडून दाखवलं. ऐकणाऱ्यांना कोणता संदेश गोड वाटला असेल, ते सांगायला नको.

यिर्मयाच्या पत्रात मात्र ७० वर्षं लिहिली होती. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना काय सांगितलं? घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं झाल्यावर अकरावं वचन येतं.

तेव्हा हे वचन आपलं आहे का? ते देणारा देव बदललेला नाही, या अर्थाने हो. पण वचन घ्यायचं तर आधीच्या सहा-सात ओळींसकट घ्यावं. वचन ११ भिंतीवर आणि वचन १० कपाटात, असं चालणार नाही. हवी होती ती बढती याच वर्षी मिळेल, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. नको असलेल्या जागीही घर बांधून राहता येतं, आणि तसं राहणं देवाच्या योजनेबाहेरचं नाही, असा अर्थ मात्र नक्की निघतो. मला तर तो जास्त दिलासा देणारा वाटतो.

मंडळीतल्या एकांनी सांगितलं, ‘देवाने मला दाखवलं, तुझं काम याच वर्षी होईल.’ यावर विश्वास ठेवावा का?

पारखून पाहा, घाई नको. हनन्यासुद्धा परमेश्वराच्याच नावाने बोलत होता. गंमत म्हणजे यिर्मयाने आधी ‘आमेन, परमेश्वर तसंच करो’ असं म्हटलं होतं. चांगलं व्हावं असं त्यालाही वाटत होतंच. पण संदेष्ट्याचं बोलणं खरं ठरलं की मग तो देवाने पाठवलेला हे कळेल, असंही तो तिथेच म्हणाला. अशा भाकितावर नोकरी सोडू नका, कर्ज काढू नका, कुणाचं स्थळ नाकारू नका. आणि ते खरं झालं नाही तर ‘माझाच विश्वास कमी पडला’ असं स्वतःच्या माथी मारून घेऊ नका.

दार बंद झालं म्हणजे देवाची इच्छा नव्हती, उघडलं म्हणजे होती. असं मानणं बरोबर आहे का?

सोयीचं आहे खरं, पण शास्त्रात गोष्टी इतक्या सरळ नाहीत. एन-गेदीच्या गुहेत शौल एकटा दावीदाच्या हाती सापडला. दावीदाची माणसं म्हणाली, देवाने सांगितला तो दिवस हाच. याहून उघडं दार कुठलं? दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. राज्य त्याला देवाने देऊ केलेलंच होतं, पण ते खून करून घ्यायचं नव्हतं. राजा झाला तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

पौलाचंही पाहा. बिथुनियात जायचा त्याचा प्रयत्न होता, आत्म्याने जाऊ दिलं नाही. कसं अडवलं ते लूकने लिहिलेलं नाही. मग त्रोवसात दृष्टान्त झाला, ते मासेदोनियात गेले आणि फिलिप्पैत नदीकाठी लुदिया भेटली. इथपर्यंत दाराचा नियम बसतो. पण पुढे त्याच त्रोवसात प्रभूने दार उघडलेलं असताना पौल तिथून निघून गेला, कारण त्याचा सोबती तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन नव्हतं (२ करिंथ २:१२-१३). इफिसातून तर तो लिहितो की मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारेही पुष्कळ आहेत. परिस्थितीकडे पाहावं, पण वचन, विवेकबुद्धी आणि जाणत्या माणसांचा सल्ला यांच्याबरोबरीने.

जे वाईट घडलं ते देवानेच घडवलं, असं मानायचं का? योसेफाचं उदाहरण सगळे देतात.

देतात, आणि बहुतेक वेळा शेवटून सुरुवात करतात. ‘तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं’ हे योसेफाचं बोलणं उत्पत्ति ५०:२० मध्ये आहे. ते तो कधी बोलला? भावांनी विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन गेल्यावर भावांना ओळख दिली. त्यानंतर बाप मिसरात १७ वर्षं जगला. बाप गेल्यावर हे वाक्य आलं. हिशेब केला तर योसेफ तेव्हा साधारण ५६ वर्षांचा होतो.

मग विकण्याआधी भावांनी टाकलेल्या खड्ड्यात असताना तो काय म्हणत होता? सदतिसाव्या अध्यायात ते नाही. पाच अध्यायांनंतर भाऊच आपसांत बोलताना ते बाहेर पडतं: तो गयावया करत होता, त्याच्या जिवाचे हाल आम्हाला दिसत होते, तरी आम्ही ऐकलं नाही (४२:२१). आणि ज्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ त्याने सांगितला, तो सुटून गेल्यावर त्याला विसरला. पुढे पूर्ण दोन वर्षं गेली.

‘वाईट’ हा शब्द योसेफाने शेवटपर्यंत मागे घेतलेला नाही. भावांनी केलं ते वाईटच होतं. देव त्यातूनही चांगलं घडवू शकतो, म्हणून ते वाईट चांगलं ठरत नाही. आणि हे वाक्य बोलायचा अधिकार ज्याला विकलं होतं त्याचा आहे. खड्ड्यात पडलेल्या माणसाला वरून वाकून उत्पत्ति ५०:२० वाचून दाखवू नये.

मग दुःखात असलेल्याला ‘देवाची वेळ असते’ हे सांगूच नये का?

लगेच तर नाहीच. लाजराची गोष्ट घ्या. मार्था आणि मरीया यांचा भाऊ लाजर आजारी आहे, हा निरोप पोचल्यावर येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. बेथानीला आला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. ‘प्रभू, तू इथे असतास तर’ असं मार्था म्हणाली, मग मरीयाही तेच म्हणाली. उशिराचं कारण येशूला पक्कं माहीत होतं, थोड्या वेळात लाजर जिवंत होणार तेही माहीत होतं. तरी मरीयेपुढे त्याने खुलासा केला नाही. तो रडला.

ईयोबाच्या मित्रांनीही सात दिवस काही न बोलता जमिनीवर बसून काढले. तोवर त्यांचं सगळं ठीक चाललं होतं. डबा घेऊन जा, दवाखान्याच्या रांगेत बसा, मुलांना शाळेतून आणा. बोलायचंच असेल तर ‘मला वाईट वाटतंय’ एवढं पुरतं.

किती वर्षं प्रार्थना करतोय, उत्तर नाही. माझं काही पाप आड येतंय का?

पाप माहीत असेल तर कबूल करा, त्यासाठी उशीर नको. पण उत्तर नाही म्हणजे पाप आहेच, असा निष्कर्ष काढू नका. जखऱ्या आणि अलीशिबा देवापुढे नीतिमान आणि निर्दोष होते, हे लूक आधी सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की त्यांना मूल नव्हतं. ज्या पीडेला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो, ती दूर व्हावी म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं, काटा राहिला. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत खुद्द पुत्राने, येशूने, दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तिथे पाप शोधणार का?

कधी कधी नकारच होकाराची वाट असतो, पण ते मागाहून कळतं. मोनिका आपल्या मुलासाठी, पुढे मंडळीचा थोर शिक्षक झालेल्या ऑगस्टिनसाठी, वर्षानुवर्षं रडून प्रार्थना करत होती. तो ३८३ साली आफ्रिकेतून रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून ती किनाऱ्यापर्यंत मागे आली. मित्राला निरोप द्यायचाय अशी थाप मारून तो रात्रीच निघून गेला, आणि ती त्या रात्री जवळच्या प्रार्थनास्थळात त्याच्यासाठीच प्रार्थना करत होती. सकाळी जहाज दिसेना. त्या एका रात्रीपुरतं पाहिलं तर तिची प्रार्थना फुकट गेली. पण रोमहून तो मिलानला पोचला, तिथले बिशप अँब्रोझ यांचे उपदेश ऐकले, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्री आईने मागितलं ते देवाने दिलं नाही, कारण ती नेहमी जे मागत होती ते द्यायचं होतं, असं पुढे त्यानेच लिहून ठेवलंय. प्रत्येक नकारामागे असंच काही असेल आणि ते आपल्याला दिसेलच, असं मात्र म्हणता येत नाही.

चिंता थांबत नाही. रात्री दोनला उठून फोन पाहते, स्क्रीन खाली ओढते, मेल आलेला नसतो, पुन्हा ओढते. मी अविश्वासी आहे का?

नाही, तुम्ही थकलेल्या आहात. ‘कशाविषयीही चिंता करू नका’ असं पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिलं. त्याच पत्रात तो हेही लिहितो की एपफ्रदीताला तुमच्याकडे पाठवतोय, म्हणजे माझ्या मनावरचं ओझं जरा हलकं होईल. पौलाच्याही मनावर ओझं होतं, आणि ते हलकं करायला त्याने माणूस पाठवण्याची व्यवस्था केली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जे मागायचं ते एकदा नाव घेऊन मागा, आणि झोपा.

देवाकडे तक्रार केली तर चालेल?

चालेल. ‘हे परमेश्वरा, किती काळ?’ हा प्रश्न तेराव्या स्तोत्रात चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आभाराची ओळही नाही. ते कुणी काढून टाकलं नाही. तक्रार देवाजवळ करणं हाही त्याला धरून राहण्याचाच प्रकार आहे.

मी घाई केली, स्वतःच्या मनाने निर्णय घेतला. देवाची योजना बिघडली का?

घाईची किंमत मोजावी लागते. गिलगालात शौल राजा संदेष्टा शमुवेलाची वाट पाहत सात दिवस थांबला, मग लोक पांगायला लागले म्हणून त्याने स्वतःच होमबली अर्पण केला. अर्पण संपतंय न संपतंय तोच शमुवेल येऊन पोचला. शौलाच्या घराण्याचं राज्य टिकणार नाही, हे त्याला त्याच दिवशी ऐकावं लागलं.

पण अब्राहामाचीही गोष्ट आहे. संततीचं वचन मिळून निघाला तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. वाट न पाहता बायकोच्या दासीकडून, हागारेकडून, इश्माएल झाला तेव्हा ८६ वर्षांचा. त्या घाईचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो हागारेला, जिला कुणी विचारलंही नव्हतं. देवाने तिला रानात दोनदा गाठलं, हे विसरू नये. त्यानंतरच्या १३ वर्षांविषयी शास्त्र काही बोलत नाही. मग अब्राहाम ९९ वर्षांचा असताना देव पुन्हा बोलला, आणि वचन तेच होतं. वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. तुमच्या घाईने कुणाला इजा झाली असेल तर त्या माणसाकडे आधी जा. देवाची योजना एका निर्णयाने कोसळेल इतकी तकलादू नाही.

माझ्याबरोबरच्या सगळ्यांचं झालं, माझंच का राहिलं?

पेत्रानेही योहानाकडे बोट दाखवून विचारलं होतं, ‘प्रभू, याचं काय?’ उत्तर जरा कडक मिळालं: त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. यापेक्षा गोड उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्यांचे आनंदाचे फोटो काही दिवस पाहिले नाहीत तरी चालेल, एवढं सुचवीन.

माझं आयुष्य अगदी साधं आहे. नोकरी, घर, म्हातारे आईवडील. यात देवाचा हेतू कसला?

रोमकरांस ८:२८ नंतर २९ वाचा. सगळ्या गोष्टी मिळून जे चांगलं घडतं, ते काय, तर आपण पुत्राच्या प्रतिमेसारखं होणं. त्याला व्यासपीठ लागत नाही. यापोत टबीथा नावाची एक शिष्या होती. तिचा एकही उपदेश नोंदलेला नाही. ती वारली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवू लागल्या. आईवडिलांना वेळेवर औषध देणं त्याच जातीचं काम आहे.

शेवटपर्यंत मिळालंच नाही तर?

तसं होऊ शकतं, हे शास्त्र लपवत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासू माणसांची लांबलचक यादी आहे, आणि ते सगळे वचनफळ न मिळताच मेले, असं तिथे सरळ लिहिलंय. अब्राहामाला अख्खा देश देऊ केला होता. सारा वारली तेव्हा तिला पुरायला त्याच्या मालकीची जागा नव्हती. मकपेलाचं शेत त्याने एफ्रोन हित्तीकडून ४०० शेकेल रुपं तोलून विकत घेतलं. भाव कमी करून घेतल्याची नोंद नाही.

मग किती काळ मागत राहावं? कधी थांबावं?

याचा आकडा नाही. न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेची गोष्ट येशूने सांगितली ती खचून न जाता मागत राहावं म्हणून. पौल मात्र तीनदा मागून थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं होतं. दावीदाने आजारी मुलासाठी सात दिवस जमिनीवर पडून उपास केला. मूल गेल्यावर तो उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या घरी जाऊन देवाला नमन केलं आणि जेवायला वाढायला सांगितलं. चाकर चक्रावले. तो म्हणाला, मूल जिवंत होतं तोवर मी मागत होतो, कारण देव कृपा करील की नाही हे कुणाला ठाऊक होतं? तुमच्या गोष्टीचं उत्तर अजून आलेलं नसेल, तर आज पुन्हा मागा.